जोतीरामचं पाणी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जोतीराम इंगवले शोधायचा तर नावानं विचारून उपयोग नव्हता. "पाणीवाला जोत्या कुठं असतोय?" म्हटलं की माणूस हातातला पाना खाली न ठेवता नुसत्या हनुवटीनं शेड दाखवायचा. आता पाणीवाला म्हणजे नळाला पाणी सोडणारा नव्हे, उगीच भलता समज नको. लेथवर लोखंड कातताना हत्यार तापतं. तापलं की धार बसते, आणि धार बसली की हत्यार गेलं, वर दिवसही गेला. तसं होऊ नये म्हणून धारेवर जे सोडतात त्याला शिकलेले लोक कुलंट म्हणतात. जोतीराम पाणीच म्हणायचा. आणि त्या पाण्यातलं त्याच्याइतकं कळणारा माणूस शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत दुसरा नव्हता.

साध्या लोखंडाला साबणतेल घातलेलं दुधी पाणी. स्टेनलेसला आटे पाडायचे तर खोबरेल. ॲल्युमिनियमला रॉकेल. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, काहीच नाही, कोरडंच कातायचं. एवढं तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण उन्हाळ्यात पाणी उडून टाकीतलं किती दाट झालंय, हे जोतीराम दोन बोटांत चोळून सांगायचा. धार वरून भिजवायची की खालून, हे कातून निघणारा कीस कुठल्या रंगाचा पडतोय ते बघून ठरवायचा. कुणाचं हत्यार तासातासाला बसायला लागलं की हाक यायची, "जोत्या, जरा येऊन जा की!" हा जायचा, बशीभर चहा ढोसायचा, नळी चार बोटं इकडची तिकडं करायचा, आणि तेच हत्यार दिवसभर चालायचं.

आणि ह्या माणसाला पाण्याचीच धास्ती होती! सांगून पटलं असतं का कुणाला?

धास्ती म्हणजे एका आवाजाची. टिक. एवढाच. मंगळवार पेठेतल्या घरी आक्काताई, त्याची बायको, सकाळी बंब पेटवायची. तापलेल्या पत्र्यावर पाण्याचा थेंब सांडला की टिक व्हायचं, आणि हा हातातल्या तांब्यासकट दचकायचा. संध्याकाळी ऊन उतरलं की शेडचे पत्रे निवताना आवाज करतात. त्या वेळी हा काहीतरी निमित्त काढून रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. आक्काताई म्हणायची, "अवो, भाईरची बाधा तर न्हाई न्हवं? वाडीला देवाच्या पाया पडून येऊया की एकदा." हा नुसता हसायचा. बाधाच होती ती. फक्त ती मेलेल्या माणसाची नव्हती. त्याच्याच गल्लीत राहून रोज सकाळी पिठाच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या पिराजी सासनेची होती.

पिराजी आणि जोतीराम एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले. एका डब्यातली भाकरी दोघांत मोडली, उस्तादाच्या शिव्याही निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या. किल्लारीला भूकंप झाला त्या वर्षी, म्हणजे त्र्याण्णव साली, दोघांनी भागीत एक जुनी लेथ घेतली. मुंबईतल्या बंद पडलेल्या कारखान्यातली. मशीन दणकट होतं, पण पाण्याचा पंप जळालेला.

"पंप बसवू, मग मुहूर्त करूया," जोतीराम म्हणाला.

"खंडेनवमी काय तुझ्या पंपासाठी थांबतीय व्हय?" पिराजीनं त्याला उडवून लावलं. पिराजी म्हणजे उत्साहाचं पोतं. त्यानं खडी फोडणारा एक क्रशरवाला गाठून ठेवला होता. त्याच्याकडची मँगेनीज पोलादाची पिन पहिल्याच दिवशी कातून दाखवायची, म्हणजे वर्षभराचं काम पक्कं. मँगेनीज म्हणजे महा हट्टी धातू. जितकं कातावं तितकं वरून आणखी कडक होत जातं. साधं हत्यार त्याच्यापुढं टिकत नाही, म्हणून पिराजीनं खास कार्बाइडची टिप, म्हणजे पोलादाहून कठीण असा नखाएवढा तुकडा, आणली आणि स्वतःच्या हातानं पितळ वितळवून हत्याराला चिकटवली. तोवर दोघांचा सगळा जन्म साध्या हत्यारांवर गेलेला. कार्बाइड नवीन होतं.

उस्तादाची एक रीत होती. नव्या मशीनवर पहिला कीस पडला की नारळ फोडायचा आणि चालू मशीनच्या धारेवर ते पाणी शिंपडायचं. कोरड्या तोंडानं मशीनला कामाला लावू नये, म्हणायचा म्हातारा. त्यानं असल्या पन्नास मशिनी सुरू करून दिल्या, कधी काही वावगं झालं नाही. उस्ताद गेल्यावर नारळाचा मान जोतीरामकडं आला. पाणीवाला तोच ना.

झेंडूचे हार झाले, गुलाल झाला, पेढे झाले. पिराजीनं मशीन चालू केलं. पिनीवरून निळा, करपलेला कीस पडायला लागला आणि टिपेचं टोक लालबुंद दिसायला लागलं. क्रशरवाला मान डोलवत होता. पिराजी कौतुकानं वाकून बघत होता. जोतीरामनं नारळ फोडला आणि ओंजळीतलं पाणी त्या लाल टोकावर सोडलं.

टिक.

पुढचं सगळं एका दमात घडलं. पिराजी तोंड दोन्ही हातांनी दाबून खाली बसला. बोटांमधून रक्त आलं. टिपेचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा त्याच्या डाव्या डोळ्यात घुसला होता. डोळा काढावा लागला.

दवाखान्यात चौथ्या दिवशी पिराजीनं जोतीरामला जवळ बोलावलं. त्याची बायको बनाबाई औषध आणायला खाली गेलेली.

"जोत्या, कुणाला सांगू नगंस," पिराजी म्हणाला. "मी सुतकात हुतो रं. त्या दिशी पहिल्या गाडीनं गारगोटीस्नं माणूस आलता. आमच्या थोरल्या आकारामदादाचं बाळ जल्मलं आणि घटकाभरात गेलं म्हणाला. मी त्येला म्हटलं, तू मला भेटलाच न्हाईस. मुहूर्त चुकंल म्हणून गप बसलो आणि तसाच मशीनला शिवलो. नवरात्रात! अंबाबाईनं डोळा घेतला माझा."

आता इथं नीट ऐका, कारण जोतीरामचं आयुष्य ह्या एका घटकेवर अडकलं. पाणी पडलं आणि टिक झालं, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. चार दिवस तो स्वतःच्या ओल्या हाताकडं बघत होता. कुणीतरी आपल्याला विचारील म्हणून माणसं टाळत होता. आणि पिराजी सुतकाचं बोलला तेव्हा त्याला बरं वाटलं. हो, बरं वाटलं! छातीवरचा दगड उतरावा तसं वाटलं. तो म्हणाला, "देवीच्या मनातलं कोण टाळणार, पिऱ्या?" एवढंच बोलला.

मित्राचा डोळा गेलाय, आणि ह्याला सुटल्यासारखं वाटतंय. माणसाची जात अशी असते बघा.

पिराजीनं पुन्हा लोखंडाला हात लावला नाही. भागी मोडली, मशीन जोतीरामकडं राहिलं. पिराजी गल्लीतल्या गिरणीत दळण टाकायला लागला, आणि काळ्या वंगणाचा माणूस पिठानं पांढरा झाला. दर शुक्रवारी अंबाबाईला जाणारा तो, पण त्या दिवसापासून देवळाची पायरी चढला नाही. महाद्वाराच्या बाहेर, हारवाल्याच्या शेजारी एक दगड आहे, तिथं उभा राहायचा. चपला न काढता, आत न बघता हात जोडायचा आणि परत फिरायचा. गारगोटीचं तर नाव टाकलं. बनाबाईनं विषय काढला की ओरडायचा, "त्या घरातनं आलेल्या बातमीनंच माझं वाटोळं केलं!"

आणि दर खंडेनवमीला तो जोतीरामच्या शेडपाशी यायचा. आत पाऊल टाकायचा नाही. उंबऱ्याबाहेरून नारळ पुढं करायचा. "तूच फोड बाबा. माझा हात इटाळलेला हाय."

जोतीराम फोडायचा. पाणी मशीनवर न शिंपडता गटारीत ओतायचा आणि पिराजीला खोबरं द्यायचा. पिराजी ते कपाळाला लावायचा. असे बारा नारळ त्यानं फोडले.

तुम्ही म्हणाल, कुणाला विचारलं का नाही? हेच तर! पाण्याबद्दल जगाला शंभर प्रश्न विचारणारा माणूस, पण हा एक प्रश्न त्यानं कधी कुणाला विचारला नाही. विचारला नाही तोवर उत्तर मिळणार नव्हतं. त्या आडोशाला तो बारा वर्षं राहिला. मशिनी वाढल्या, एकाच्या चार झाल्या, कॉम्प्युटरवर चालणारंही एक आलं. सगळ्या कामगारांना त्यानं चष्मे सक्तीचे केले. चष्मा काढलेला दिसला की कानाखाली आवाज काढायचा. लोक म्हणायचे, मालक लई कडक. पण घरी आल्यावर हा कडक मालक बंबाच्या खोलीचं दार लावून घ्यायला सांगायचा.

मग दोन हजार सहा साल उजाडलं. निकेलच्या मिश्रधातूच्या दांड्यांचं काम आलं. मँगेनीज बरं म्हणायची पाळी ह्या धातूनं आणली. उष्णता तो किसाबरोबर बाहेर जाऊच देत नाही, सगळी धारेवर साठवतो. पाचपाच मिनिटांत टिपा मरायला लागल्या. जोतीरामनं सगळी पाणी करून बघितली, दाट, पातळ, वरून, खालून. काही लागू पडेना. शेवटी टिपा विकणाऱ्या कंपनीनं आपला माणूस पाठवला. वीरेश नावाचा निपाणीकडचा तरुण, बोलताना मध्येच कानडी हेल यायचा.

वीरेशनं मोठा पंप जोडला, नळीचं तोंड सुईसारखं बारीक केलं आणि पाण्याची धार बरोबर टिप आणि किसाच्या फटीत घुसवली. "आधी पाणी, मग कात," तो म्हणाला. "आणि एकदा सोडलं की मधी थांबायचं न्हाई. द्यायचं तर भरपूर, न्हाईतर थेंब सुद्धा द्यायचा न्हाई. कार्बाइड तापू दे, त्याला चालतंय. तापल्यावर जरासं पाणी मात्र चालत न्हाई."

"का?" जोतीरामच्या तोंडून गेलं. तेरा वर्षांनी गेलं.

"दाखवतो की मामा." वीरेशनं एक मेलेली टिप सांडशीत धरली, गॅसच्या ज्योतीवर लाल केली आणि बाटलीच्या टोपणातलं पाणी तिच्यावर सोडलं.

टिक.

टिपेवर केसासारखी आरपार भेग पडली. वीरेश सांगत होता, वरचा भाग एकदम आवळतो, आतला गरमच असतो, म्हणून फुटते. कात चालू असताना असं झालं तर तुकडा गोळीसारखा उडतो. जोतीरामला पुढचं ऐकू आलं नाही. त्यानं सांडशीतून ती टिप मागून घेतली. गरम आहे मामा, गरम आहे, असं वीरेश ओरडेपर्यंत ती त्याच्या तळहातावर होती.

दांड्यांचं काम झकास झालं. एक टिप दुपारपर्यंत पुरायला लागली. जोतीरामनं मात्र जेवण टाकलं. आक्काताईनं दृष्ट काढली, हाताला तूप लावलं. पंधरा दिवसांवर खंडेनवमी होती.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला पिराजी आला. अंगात पांढरा सदरा, हातात नारळ. उंबऱ्याबाहेर थांबला आणि हात पुढं केला. "घे. फोड."

जोतीरामनं नारळ घेतला नाही. त्यानं पिराजीचं मनगट धरलं आणि त्याला ओढत शेडच्या आत आणलं.

"आरं जोत्या, सोड! मशिनीची पूजा झालीय, मी न्हाई शिवणार..."

"गप हुबा ऱ्हा." जोतीरामनं कामगारांना बाहेर पाठवलं. दोघांच्या डोळ्यांवर चष्मे चढवले. गॅस पेटवला, टिप लाल केली आणि तिच्यावर चमचाभर पाणी सोडलं.

टिक.

पिराजीचा हात आपसूक डाव्या डोळ्यावर गेला. डोळा नव्हता, पण हात गेला. त्यानंही तो आवाज ओळखला होता. तोही तेरा वर्षं तोच ऐकत होता, हे जोतीरामला त्या वेळी कळलं.

"सुतक न्हवतं पिऱ्या," जोतीराम म्हणाला. "माझं पाणी हुतं. मी तवाच बघितलेलं. दवाखान्यात तू सुतकाचं बोललास आन मला बरं वाटलं. म्हणून गप बसलो. मार मला. काय पायजे ते कर."

पिराजीनं वाकून टिपेवरची भेग बघितली. जोतीराम गाल पुढं करून उभा होता. चपराक बसली असती तर त्याचं अर्धं ओझं उतरलं असतं. पण पिराजीनं हात उचलला नाही.

"डोळा गेला त्येचं काय न्हाई," तो हळू बोलला. "हुस्तादानं सुद्धा तेच केलं असतं. तुला ठावं न्हवतं. पर तेरा वरसं तू मला देवळाच्या भाईर हुबा केलास की रं. तेवढं तुला ठावं हुतं."

जोतीरामला रडू फुटलं. पिराजीनं त्याला धीर दिला नाही. तो खाली बसला आणि मग एकदम त्याचाच चेहरा वाकडा झाला.

"आन मी काय केलं? त्या एवढ्याशा जिवाला मी तेरा वरसं शिव्या दिल्या. जल्माला येऊन माझं वाटोळं केलंस म्हणून. रोज! घटकाभर सुद्धा जगलं न्हाई ते, त्येला मी..." तो उठला. "चल."

"कुठं?"

"गारगोटीला. नारळ घे."

दुपारची एसटी धरून दोघं गेले. आकाराम गुरांना वैरण घालत होता. धाकट्या भावाला दारात बघून त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली. त्याची बायको तानाबाई चुलीपुढनं पदर सावरत बाहेर आली. "भावजी? वाट कशी घावली म्हणायची?"

पिराजीनं पाणी घेतलं नाही, बसला नाही. "वैनी, एक इचारायला आलोय. कवा इचारलंच न्हाई मी. त्ये बाळ... पोरगं हुतं का पोरगी?"

तानाबाईनं पदराला हात पुसले. तिला हे आजवर कुणीच विचारलं नसावं.

"पोरगी," ती म्हणाली. "नाव ठेवायला कुठं सवड दिली तिनं. पर नवरात्रातली न्हवं का? मी मनातनं अंबा म्हणतो तिला."

पिराजी तिथंच अंगणात मटकन बसला. आकारामनं त्याला धरलं. दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागले. जोतीराम नारळ हातात घेऊन बाजूला उभा होता, आणि त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

शेताच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली तिला पुरलं होतं. खूण म्हणून तीन दगड. पिराजीनं जोतीरामकडं बघून मान हलवली. जोतीरामनं नारळ फोडला आणि पाणी सोडलं. मातीनं ते गुपचूप पिऊन टाकलं. जोतीराम कान देऊन वाट बघत राहिला. कसलाही आवाज आला नाही.

दिवेलागणीला ते कोल्हापुरात उतरले. महाद्वार रोडला नवरात्राची गर्दी, खणानारळाची दुकानं, वाकडीतिकडी लांबलचक रांग. पिराजी हारवाल्याशेजारच्या आपल्या त्या दगडापाशी आला. तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिथं चपला काढल्या. दोन पावलं गेला आणि वळून बघितलं. जोतीराम दगडापाशीच उभा होता.

"चल की."

"तू हो फुडं. मी चपला बगतो."

पिराजीनं आपला एक डोळा त्याच्यावर बराच वेळ रोखला. "किती वरसं बगणार हाईस?"

पिराजीनं थोडी वाट बघितली, मग तो वळला आणि रांगेतल्या माणसांमध्ये दिसेनासा झाला. जोतीरामनं त्याच्या चपला पायाशी नीट जुळवून ठेवल्या, आत न बघता हात जोडले आणि तिथंच उभा राहिला.